ज्यांची चित्रं, त्यांच्या वाटेवर

मराठीत ‘नाट्यमंदिर’ म्हटलं की नाटक आठवतं आणि ‘ग्रंथसंग्रहालय’ म्हटलं की पुस्तकं. ‘चित्रमंदिर’ म्हटलं की मात्र सिनेमा आठवतो. गावोगावच्या टॉकीजवर ही पाटी असायची. रंगांनी कापडावर काढलेल्या चित्राला आपल्याकडे स्वतःचं घर नव्हतं. त्या घरासाठीचा शब्द मोकळाच पडला होता, तो सिनेमाने घेतला.

ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, मुंबईच्याही पाच वर्षं आधी. १९७८ साली गडकरी रंगायतन झालं. विलेपार्ल्याला दीनानाथ, मुलुंडला कालिदास, बोरिवलीला प्रबोधनकार, कल्याणला अत्रे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले अशी नाट्यगृहं झाली. लोकांनी मागितली, वर्षानुवर्षं मागितली, म्हणून पालिकांनी बांधली. नाटक ही आमची गरज आहे, हे मराठी माणसाला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. चित्र ही गरज आहे असं मात्र आपण कधी मोठ्याने म्हटलंच नाही.

मला ते म्हणायचं आहे. मुंबईची, इथल्या कष्टकऱ्यांची जी मोठी चित्रं गेल्या पन्नास वर्षांत काढली गेली, ती सार्वजनिक पैशातून विकत घेतली जावीत आणि काळाघोड्याच्या, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या कलादालनांच्या भागाच्या पलीकडे, ठाणे-दिवा-कल्याण-विरारच्या माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर कायमची लावली जावीत. असं म्हणण्याचं बळ मला सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांनी दिलं, आणि माझ्या मामांनी.

पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले. १९७२ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईत आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. कलाशाळेत ते शिकले नाहीत. दिवसा एक्स-रे आणि उरलेल्या वेळात चित्रं, असं आयुष्याचं मोठं पर्व गेलं. ते काम सोडून पूर्णवेळ चित्रकार झाले तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते आणि त्यांची कितीतरी महत्त्वाची चित्रं तोवर काढून झाली होती.

एक्स-रेच्या खोलीचा अनुभव आपल्या प्रत्येकाला आहे. शर्ट काढून थंड पाटीला छाती लावायची. ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा.’ तिथे कुणी सुंदर नसतं, कुणी कुरूप नसतं. हमाल येतो, शिक्षिका येते, म्हातारा येतो, आणि प्रत्येकाचा खांदा, पाठीचा बाक, कोणत्या पायावर भार टाकून तो उभा आहे हे दिसत राहतं. पटवर्धनांच्या चित्रांतली शरीरं मला त्या खोलीतून आलेली वाटतात. सत्तरच्या दशकातली त्यांची माणसं जड आहेत, रुंद आहेत. त्यांना वजन आहे, त्यांचे हात मोठे आहेत. आणि तरी एक गोष्ट उलटी आहे. एक्स-रे कातडीच्या आत जातो, हा चित्रकार आत जात नाही. बनियन, घाम, दाढीचे खुंट, झोप न झालेले डोळे, एवढ्यावर तो थांबतो. माणसाच्या मनात काय चाललंय ते त्याचं त्याच्यापाशी राहू देतो. कष्टकऱ्याचं चित्र काढणाऱ्या पुष्कळांना हे जमत नाही. ते त्याच्या चेहऱ्यावर दुःख तरी लिहून टाकतात नाहीतर क्रांती.

१९७७चं ‘इराणी रेस्टॉरंट’, १९८०चं ‘ट्रेन’, १९८१चं ‘ॲक्सिडेंट ऑन मे डे’, ही नावं नुसती एकापाठोपाठ वाचली तरी शहर डोळ्यांपुढे येतं. १९७९ साली त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन दिल्लीत इब्राहिम अल्काझी यांच्या आर्ट हेरिटेज या कलादालनात झालं. १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात ते भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी या चित्रकारांसोबत होते. कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्या प्रदर्शनासाठी लिहिलं. ओळखीची माणसं, ओळखीच्या जागा, त्यांची गोष्ट, हे सगळं चित्रात परत यावं असा त्या सहा जणांचा आग्रह होता. प्रदर्शनाचं नावच ‘लोकांना जागा’ असं होतं. मला त्या नावापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. चित्रात लोकांना जागा मिळाली. चित्रासमोर मिळाली का?

प्रदर्शनाला वर्ष होतं न होतं तोच १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संप कधी मिटलाच नाही, तो विरत गेला. पटवर्धनांच्या चित्रांत त्यानंतर एक बदल दिसतो. एकटादुकटा माणूस मागे सरकतो आणि शहराची जमीन वर येते. ‘टाउन’ १९८४चं, ‘नाला’ १९८५चं. ‘पोखरण’ हे चित्राचं नाव ऐकून पुष्कळांना राजस्थान आठवतो. ते आमच्या ठाण्यातलं पोखरण आहे, पोखरण रोडचं. खाणींनी खाल्लेल्या टेकड्या, उकरलेली माती, वाढत येणारी घरं. मुंबईने बाहेर ढकललेला माणूस जिथे येऊन पडला, तिथे हा चित्रकार आधीच राहत होता. त्यासाठी त्याला विषय शोधत हिंडावं लागलं नाही. ‘उल्हासनगर’ नावाचं त्यांचं चित्र आहे. उल्हासनगरचं चित्र काढावं असं याआधी कुणाला वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

मग १९९२-९३ आलं. मुंबईची दंगल. १९९६ साली त्यांनी ‘रायट’ काढलं. ज्या जमावाला आयुष्यभर आपलं मानून रंगवलं, त्याच जमावाच्या हातात दगड आलेला पाहणं या चित्रकाराला किती जड गेलं असेल! पण त्याने ते टाळलं नाही. आणि २००१ साली ‘लोअर परळ’. गिरण्यांच्या चिमण्या आणि त्यांच्या मधून उगवणाऱ्या नव्या इमारती एकाच वेळी दिसतात, असा जेमतेम काही वर्षांचा काळ या शहरात येऊन गेला. तो त्या चित्रात धरून ठेवलेला आहे. २०१४ साली सात फलकांचं ‘मुंबई प्रॉव्हर्ब्स’ झालं, त्यात शहराचं कालचं आणि आजचं सलग उलगडत जातं. अलीकडच्या काही चित्रांत घराच्या खोल्या, कुटुंब, म्हातारपण येतं. त्या चित्रांविषयी मी इथे फार लिहीत नाही. ती चांगली आहेत, पण माझा मुद्दा रस्त्यावरचा आहे.

आता मामा.

माझे मामा खटाव तालुक्यातले. १९६६ साली, एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आले, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, बदली कामगार म्हणून लागले, मग कायम झाले. लालबागला एका खोलीत वीस जण, जेवायला खानावळ, पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची. संपात नोकरी गेली. काही वर्षं वॉचमनची कामं केली आणि खोली विकून दिव्याला गेले. मी ठाण्यात राहते, फोर्टमधल्या एका बँकेत काम करते. जानेवारी २०२०मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांच्या पन्नास वर्षांच्या कामाचं ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे मोठं प्रदर्शन चालू होतं, नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं. एका शनिवारी मी मामांना घेऊन गेले. दिव्याहून स्लो गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून टॅक्सी. सर कावसजी जहांगीर सभागृहाची ती १९११ची इमारत. आत शिरताना मामांनी दारातच चपला काढायला घेतल्या. मी नको म्हटलं.

जिन्याजिन्याने वर घुमटापर्यंत जाणारी ती जागा. मामा हळूहळू चढत होते, प्रत्येक चित्रापुढे थांबत होते. लोकलच्या गर्दीच्या एका चित्रापुढे इतका वेळ उभे राहिले की मी खुर्ची शोधायला गेले. परत आले तर म्हणाले, “पोरी, ह्यांनी माणसं दमलेली काढल्यात, पर बिचारी न्हाईत काढली.”

पटवर्धनांवर मराठीत आणि इंग्रजीत मी जे काही वाचलं, त्यात यापेक्षा नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

मी विचारलं, चित्रांची सवय कधीपासून? मामा म्हणाले, औंधला पाहिली होती, यमाईच्या जत्रेला, लहानपणी. त्यानंतर आज.

सातारा जिल्ह्यातलं औंध हे एक लहान संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. तिथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्प आहे. देवीला नारळ फोडायला आलेला शेतकरी वाटेत संग्रहालयात शिरतो आणि रविवर्मा पाहून खाली उतरतो. माझे मामा आठ-नऊ वर्षांचे असताना तसे शिरले होते. म्हणजे खटाव तालुक्यातल्या पोराला जे मिळालं, ते मुंबईसारख्या शहरात राहून त्याला चौपन्न वर्षं मिळालं नाही. संस्थानिकाने डोंगरावर जे केलं ते इतक्या श्रीमंत पालिकांना सपाटीवर करता आलं नाही. मामांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. मला मात्र ते वाक्य तेव्हापासून टोचत राहिलं आहे.

कुणी म्हणेल, काळाघोडा सगळ्यांना खुला आहे. खरं आहे. जहांगीर कलादालन १९५२ साली उघडलं, तिथे आजही प्रवेश फुकट आहे, दाराशी कुणी अडवत नाही. पण २०११च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहरात अठरा लाखांवर माणसं होती आणि कल्याण-डोंबिवलीत बारा लाखांवर. त्यांतल्या कामावर जाणाऱ्या माणसाला रविवार एकच. त्या दिवशी मेगाब्लॉक. दार उघडं असणं आणि वाटेवर असणं, यांत फरक आहे. देऊळ वाटेवर असतं म्हणून कामाला जाणारा माणूस बाहेरूनच हात जोडून पुढे जातो. वाचनालय वाटेवर असतं म्हणून पोरं अभ्यासाला बसतात. शिवाय जहांगीर हे आठवड्याआठवड्याने बदलणारं दालन आहे. मंगळवारी लावलेलं चित्र पुढच्या आठवड्यात उतरतं. परत जाऊन तेच चित्र पाहणं, दहा वर्षांनी मुलाला घेऊन त्याच चित्रापुढे उभं राहणं, ही सोय तिथे नाही. चित्र कळतं ते परत परत पाहून. ओवी जशी कानावर पडत पडत पाठ होते.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तर केंद्र सरकारचं आहे. मुंबईतलं हे दालन १९९६ साली सुरू झालं आणि त्याने फार मोठी कामं केली. पण तिथे काय दाखवायचं याची सूत्रं शहराच्या हातात नाहीत. २०१९च्या फेब्रुवारीत याच इमारतीत चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती राहिली नाही, निर्णय दिल्लीतून होणार, असं ते सांगू लागले तेव्हा त्यांना भाषणात वारंवार अडवलं गेलं. ही बातमी देशभर गेली. पटवर्धनांचं प्रदर्शन त्यानंतरच्या हिवाळ्यात झालं, त्याचा आनंद आहेच. पण असं काही व्हावं की नाही हे मुंबईकर-ठाणेकरांच्या हातात नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

आणि चित्रं आहेत कुठे? काही दिल्लीत, काही भोपाळच्या भारत भवनात, काही मुंबईच्या संग्रहांत, काही अमेरिकेतल्या सेलमच्या संग्रहालयात, आणि पुष्कळशी लोकांच्या घरांत. विकत घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी घेतली म्हणून चित्रकार जगतात, आणि कितीतरी जणांनी ती जिवापाड जपली आहेत. प्रश्न वेगळा आहे. घेणाऱ्यांच्या त्या रांगेत आपण, म्हणजे आपली पालिका, आपलं राज्य, कुठे उभे होतो? मुंबई विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलवर २०१४ साली ‘जय हे’ नावाने हजारो कलाकृती लावल्या गेल्या, भिंतच्या भिंत भरून. चांगलं झालं. ते मुख्यतः विमानाने जाणाऱ्यांना दिसतं. लोकलने रोज सत्तर लाखांवर प्रवास होतात आणि माझ्या ठाणे ते सीएसएमटीच्या वाटेवर थांबून पाहावं असं एकही मोठं चित्र नाही. ज्या गाडीचं चित्र काढलं गेलं, त्या गाडीतल्या माणसासाठी ते नाही.

हे आपल्याला कधी सुचलंच नाही असंही नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या, आजच्या महात्मा फुले मंडईच्या दारावर मान वर करून पाहा. तिथे शेतात राबणाऱ्या माणसांची उठावशिल्पं आहेत, लॉकवूड किपलिंग यांनी केलेली. मंडई १८६९ची. भाजी आणणाऱ्या, भाजी वाहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर त्याच्याच कष्टाचं शिल्प, तेही तिकिटाशिवाय. परकं राज्य होतं, त्याचे हेतू वेगळे होते, पण जागा बरोबर निवडली होती. हुतात्मा चौकात शेतकरी आणि कामगार मशाल घेऊन उभे आहेत, ते तर आपणच उभे केले. पुतळा आपल्याला कळतो. त्यासाठी चौक मिळतो, निधी मिळतो, वर्गणी निघते. नाव नसलेल्या माणसाला मात्र पुतळा नसतो, त्याला फक्त चित्र असतं. म्हणून मला चित्राला पुतळ्याइतकाच सार्वजनिक मान हवा आहे.

पैशाचं काय, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, आणि तो खोटा प्रश्न नाही. पालिकेच्या दवाखान्यात औषध नसताना चित्र घ्यायचं का? दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर मी औषधच घेईन. पण निवड तशी नसते. २०२२पासून मुंबईत सुशोभीकरणाची मोठी मोहीम निघाली. खांबांना दिव्यांच्या माळा आल्या, उड्डाणपुलांखाली रंग आले. ठाण्यातही भिंती रंगवल्या जातात. म्हणजे डोळ्यांना बरं दिसावं यासाठी खर्च होतोच. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटणाऱ्या रंगाऐवजी त्यातला एक हिस्सा दरवर्षी चार-पाच चित्रांच्या खरेदीला दिला, तर वीस वर्षांत शहराकडे ऐंशी ते शंभर चित्रांचा संग्रह होईल. त्यातलं एखादं पटवर्धनांचं असेल, एखादं दिवंगत गीव्ह पटेलांचं, जे स्वतः मुंबईतले डॉक्टर होते. बाकीची आज कळव्यात आणि विरारमध्ये खोली भाड्याने घेऊन काम करणाऱ्या पोरापोरींची असतील, ज्यांचं एक चित्र विकलं गेलं तर वर्षाचं भाडं निघतं.

मोबाइलवर सगळं दिसतं, असं माझा मुलगा म्हणतो. नाही दिसत. ‘लोअर परळ’ मोबाइलवर दोन बोटांएवढं होतं. त्यातली माणसं मुंग्या होतात. मामा ज्या चित्रापुढे थांबले त्यातल्या माणसाचा चेहरा मामांच्या चेहऱ्याएवढा होता. बरोबरीच्या उंचीवर, समोरासमोर. आपल्याएवढं कुणीतरी आपल्याकडे पाहतंय, हे मोठ्या चित्रानेच होतं.

लोक थुंकतील, खरवडून नावं लिहितील, असंही ऐकते. हे बोलणाऱ्यांनी रविवारी भायखळ्याला जाऊन पाहावं. राणीबागेत डबे घेऊन आलेली कुटुंबं शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरतात. ते १८७२चं, पालिकेचं. मुलं काचेला नाक लावून जुन्या मुंबईचे मातीचे नमुने पाहतात, बाया एकमेकींना दाखवतात. ज्या जागेला आपण मान दिला तिथे लोक मानाने वागतात. मामांनी दारात चपला काढायला घेतल्या होत्या, हे मी विसरू शकत नाही.

हवेचा मुद्दा मात्र खरा आहे. जुलैत आमच्याकडे कपाटातल्या साड्यांना बुरशी येते, तिथे कॅनव्हासचं काय. म्हणून फलाटावर मूळ चित्र लावा असं मी म्हणत नाही. फलाटावर भाजलेल्या फरशीवरची, चित्रकाराच्या परवानगीने केलेली, मूळ आकाराची प्रत लावता येईल. मूळ चित्रं नाट्यगृहांच्या आतल्या दालनांत, ग्रंथसंग्रहालयांत, पालिकेच्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत, काचेआड, जिथे भिंतीला ओल नाही तिथे. चित्रं सांभाळण्याचं शास्त्र या शहरात आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या चित्रांची दुरुस्ती करणारी प्रयोगशाळा आहे. तिच्याकडून ठाणे-कल्याणच्या पालिकांच्या माणसांना शिकवून घेता येईल. आणि काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत मुंबई पालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय कितीतरी वर्षं रखडत पुढे सरकतं आहे. ते पूर्ण होईल तेव्हा तिथे फक्त साचे आणि चात्या ठेवू नयेत. त्या साच्यांवरच्या माणसांची चित्रंही तिथे हवीत.

निवड कोण करणार, ही शंका मला सगळ्यांत मोठी वाटते. पालिकेने चित्रं घ्यायची म्हणजे नगरसेवकाच्या भाच्याची चित्रं घेतली जाणार, ही भीती खरी आहे. उद्या कुणाला ‘रायट’ नकोसं वाटेल, कुणाला संपाचं चित्र खटकेल. माझ्याकडे यावर खात्रीचा उपाय नाही. ठरावीक मुदतीची समिती असावी, तिच्यात चित्रकारांबरोबर एखादा ग्रंथपाल, एखादी शाळेतली चित्रकला शिक्षिका, एखादा निवृत्त कामगार असावा. काय घेतलं, कितीला घेतलं, कुणी नको म्हटलं, हे सगळं जाहीर व्हावं. चुका होतीलच. नाटकांच्या बाबतीतही झाल्या, सेन्सॉरचे तंटे झाले, म्हणून कुणी नाट्यगृहं बांधायची थांबवली नाहीत.

पटवर्धनांच्या कामातली एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. २००८-०९ साली त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रकलेचं फिरतं प्रदर्शन रचलं आणि ते महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या शहरांत नेलं. स्वतःचं काम बाजूला ठेवून दुसऱ्यांची चित्रं गावोगावी पोचवायची, त्याबद्दल मराठीतून बोलायचं, हे एका नावाजलेल्या चित्रकाराने साठीला टेकताना केलं. त्याआधीच्या काही वर्षांत चित्रांच्या किमती आकाशाला भिडल्या होत्या आणि सगळ्यांचं लक्ष लिलावांकडे होतं. चित्र माणसांपर्यंत गेलं पाहिजे, हे त्यांनी कुठल्या जाहीरनाम्यात न लिहिता ट्रकमध्ये भरून दाखवलं. पण फिरतं प्रदर्शन शेवटी फिरून परत जातं. एका माणसाने जे एका वर्षात केलं, ते कायमचं करायला संस्था लागते. संस्था म्हणजे आपण.

त्यांच्या चित्रांवर एक आक्षेप घेतला जातो. हा मध्यमवर्गीय डॉक्टर, याने कामगार बाहेरूनच पाहिला. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. सुरुवातीच्या काही चित्रांत कामगार इतका भक्कम आहे की तो पुतळ्यासारखा होतो, त्याला खोकला येईल असं वाटत नाही. मामांना खोकला होता, साचेखात्यातल्या कापसाच्या धुळीचा. पण पटवर्धनांनी आतून पाहिल्याचा आव कधी आणला नाही. आपण पाहणारे आहोत, पाहणाऱ्याच्या जागेवर उभे आहोत, ही जाणीव त्यांच्या चित्रांत वाढत गेली. पुढे आपल्याच वर्गाची माणसंही त्यांनी त्याच नजरेने चित्रात घेतली. बाहेरून पाहिलेलं चित्र खरं उतरलं की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क आत असलेल्यांचा आहे. त्यासाठी चित्र त्यांच्यासमोर तर आलं पाहिजे. माझ्या मामांनी आपला निकाल दिला. दिव्यात, कळव्यात, बदलापुरात असे हजारो मामा आहेत ज्यांना कुणी विचारलेलंच नाही, आणि ती पिढी भराभर चालली आहे.

मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दिवा स्टेशनचा पूल त्यांना चढवत नाही, त्यामुळे काळाघोड्याला परत जाणं होणार नाही. त्या दिवशी आणलेली प्रदर्शनाची घडीपत्रिका त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आहे, तिच्यावरचं चित्र आता फिकं पडलंय. त्यांच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक वाचनालय आहे. सकाळी तिथे पेपर वाचायला म्हातारी माणसं येतात, दुपारी स्पर्धा परीक्षांची पोरं बसतात. वाचनकक्षाच्या एका भिंतीवर घड्याळाखेरीज काही नाही. ऊन येत नाही, ओल नाही. परवा मामांना सोडायला गेले तेव्हा मी ती भिंत टेपने मोजली. साडेअकरा फूट रुंद आहे, आणि घड्याळ बाजूला लावायला ग्रंथपाल तयार आहेत.